यात माणूस कुठाय?

माझे फोटो बघितले की लोक पहिल्यांदा विचारतात, हे कुठलं आहे? आमच्या घरामागचं, असं सांगितलं की माझ्याकडे संशयाने बघतात. इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीपासून सायकलवर थोडं गेलं की नदीचा बांध लागतो. तिथे उभं राहून मी शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवते आणि कॅमेरा आडवा फिरवते. पूल, सायकलवाले, पलीकडचे टॉवर सगळे पुसले जातात. उरतात ते नुसते पट्टे. राखाडी, मातकट, वर थोडासा पांढरा. या पट्ट्यांना मी निसर्गचित्रं म्हणते. गणपतीला जमलेल्या मंडळींत एका काकूंनी ती मोबाईलवर पाहिली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "हात हलला वाटतं गं. होतं असं कधीकधी." मी हो म्हटलं. कोण वाद घालत बसणार?

पुण्याहून बाबांचा आक्षेप मात्र ठरलेला असायचा. फोटो पाठवला की लगेच फोन. "छान आहे. पण यात माणूस कुठाय?"

"बाबा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे ते."

"असू दे की. एखादा माणूस असता तर जिवाला बरं वाटलं असतं, इतकंच."

हे इतकं नेमाने चालायचं की मी चिडायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. सकाळी भावाचा फोन आला, आणि मिळालं ते विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. भाऊ म्हणाला, "तुझ्यासाठी थांबू का?" मी म्हटलं, "नको. उरकून घे." उरकून घे, हेच शब्द माझ्या तोंडून गेले. नवरा तोयोसूच्या ऑफिसातून निघाला होता, मुलगी शाळेत होती, बॅग भरून दाराशी उभी होती. घरात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी कॅमेरा उचलला आणि बांधावर गेले. त्या दुपारी जो फोटो मिळाला तो माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात चांगला फोटो आहे. खाली काळपट पट्टा आणि वर फिकट, कुठे संपतो ते न कळणारा. पुढे एका छोट्या गॅलरीत तो लागला. लोक त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहायचे. मी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि मला काहीही वाटायचं नाही.

पुण्यालाही तेच झालं होतं. दिवसकार्य पार पाडलं, आल्यागेल्यांना चहा दिला, रडणाऱ्या आत्याला धरून बसले. मला रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं सगळीकडेच होऊन बसलं होतं.

या सगळ्याच्या आधीपासून मी एका फ्लामेंकोच्या क्लासला जात होते. जपानात हा स्पॅनिश नाच शिकणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आमचा क्लास एका लाँड्रीच्या तळघरात भरतो. मी गेले होते फोटो काढायला आणि तिथेच रमले. नाचत नाही मी, नाचणारीच्या मागे खुर्च्यांच्या रांगेत बसून टाळ्या देते. नाचाचा ताल या टाळ्यांवर उभा असतो. मधूनमधून "ओले!" म्हणून दादही द्यायची असते. आमच्या बायका ते इतकं हळू म्हणतात, की रांगेत कुणाला धक्का लागला म्हणून माफी मागताहेत असं वाटावं.

सुरुवातीला माझी टाळी सारखी चुकायची. लहानपणी मी कथक शिकले होते. मी हॉलमध्ये रियाज करायची तेव्हा बाबा वेताच्या खुर्चीत बसून खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरायचे आणि सम आली की अख्खा पंजा आपटायचे. त्यामुळे पहिल्या मात्रेवर जोर द्यायचा हे माझ्या हाडात मुरलेलं. फ्लामेंकोतही एकतालासारख्या मात्रा बाराच, पण वजन पहिलीवर नाही, शेवटाकडे. आमच्या बाई, म्हणजे सेन्सेई, साठीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही नेहमी पुढच्या दारातून आत येता. इथे मागच्या दाराने यायचं असतं." मोठ्या कष्टाने मी ती सम मोडली.

बाबा गेल्यावर तर माझी टाळी घड्याळासारखी पडायला लागली. सेन्सेईंनी मला रांगेच्या मधोमध आणून बसवलं. "छान झाली आहे आता," त्या म्हणाल्या. "अजिबात उत्साहात येत नाही." कौतुकच होतं ते. मी वाकून आभार मानले.

क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात सेन्सेई स्वतः नाचणार होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपूर्वी शेवटचं, असं त्या हसत सांगायच्या. गॅलरीतला तो फोटो त्यांनी पाहिला होता. तोच आपल्यामागे पडद्यावर लावता येईल का, असं त्यांनी मला विचारलं आणि मी लगेच होकार दिला. पडदा माझ्या पाठीमागे असणार होता, निदान तो बघावा तरी लागणार नव्हता. फोटो बघून त्रास होईल, ही भीती नव्हती मला. बघूनही काहीच होणार नाही, याची भीती होती. वडिलांसाठी आपल्याला कधी रडूच येणार नाही, हे मी जवळजवळ धरून चालले होते, आणि अशी मुलगी म्हणजे कोण, हे मला कळत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी नवरा आणि मुलगी पुढच्या रांगेत होते. सेन्सेईंनी सुरुवात केली. आम्ही तळवे पोकळ धरून दबक्या टाळ्या देत होतो. मग थिएटरच्या लोकांनी सगळे दिवे मालवले आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेला एकच लावला. तालमीत हा दिवा नव्हता. सेन्सेई त्याच्यापुढे गेल्या आणि त्यांची सावली आमच्या अंगावरून सरकत मागे गेली. ती कुठे गेली ते बघायला मी मान वळवली.

माझ्या फोटोत एक माणूस उभा होता. काळपट पट्ट्यावर पाय रोवून, एक हात वर केलेला, खांद्यात जरासा वाकलेला.

माझे हात थांबले. शेजारच्या बायकांच्या टाळ्या चालूच होत्या आणि मला त्यात शिरायला जागा सापडेना. मग हात आपोआप पडला, पहिल्या मात्रेवर, उघड्या पंज्याने, खाड्‌कन. सगळ्यांच्या टाळ्यांच्या बाहेर, एकटाच. सेन्सेईंनी क्षणभर वळून पाहिलं. बाकी नाच नीट पार पडला.

नंतर आत त्या घाम पुसत माझ्याजवळ आल्या. मी माफी मागायला वाकले, तर म्हणाल्या, "ती टाळी कुणाची होती? तुमची नव्हती."

हाताचे तळवे चांगलेच झोंबत होते. तेवढ्यात मुलगी धावत आत आली. स्टेशनवर फुकट वाटतात तसलं टिश्यूचं पाकीट तिच्या हातात होतं, म्हणजे माझा चेहरा तिला लांबूनच दिसला असावा. "आई, काय झालं?" तिने जपानीत विचारलं.

"आजोबा गेले गं," मी म्हटलं, आणि तिला घट्ट धरून रडायला लागले.