सुदानच्या मुलीची पोस्टिंग

मी ज्या दवाखान्यात नोकरी करते, तिथं शिकाऊ डॉक्टरांच्या पोस्टिंगचे कागद माझ्या टेबलावरून जातात. कोण बाळंतपणाच्या वॉर्डात, कोण मेडिसिनला, कोणाची हजेरी कमी पडली, हे सगळं मी लिहिते. माझं इंग्रजी बरं म्हणून बाहेरचे मेलही माझ्याकडेच येतात. त्या मुलीचा मेल असाच माझ्याकडे आला.

ती सुदानची. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या देशात लढाई पेटली आणि कॉलेज बंद पडलं. आई कैरोला मावशीकडे गेली, ही हैदराबादला शिकणाऱ्या भावाकडे आली. कॉलेजच्या काही प्राध्यापकांनी परक्या देशात दोन खोल्या घेऊन कारभार कसाबसा सुरू ठेवला होता. त्यांनी मुलांना कळवलं, जिथं असाल तिथं शिकवणारा दवाखाना शोधा, राहिलेली आठ आठवड्यांची पोस्टिंग करा, लॉगबुकावर सह्या आणा, मग परीक्षा घेऊ. लॉगबुक पोचायची तारीख ठरलेली होती. हैदराबादेत तिनं पुष्कळ उंबरे झिजवले. कुठं जमलं नाही, म्हणून ती नकाशात वर सरकत सरकत तेलुगू-मराठी सरहद्दीवरच्या आमच्या जिल्ह्यापर्यंत आली.

मेल छापून मी सुपरिंटेंडंट साहेबांपुढे ठेवला. ते उभ्या उभ्याच वाचून तेलुगूत म्हणाले, "पापम. रम्मनु." बिचारी, येऊ दे म्हणावं. मी त्याच दिवशी लेटरहेडवर पत्र लिहिलं की आठ आठवडे या. लेखी मंजुरी घेतली नाही. एवढ्या वर्षांत साहेबांच्या तोंडी शब्दावर माझी शंभर कामं झाली होती, हेही होऊन जाईल असं वाटलं.

ती यायच्या चार दिवस आधी साहेबांची बदली झाली.

बसस्टँडवर मी तिला घ्यायला गेले. उंच मुलगी, डोक्याला फिकट निळा रुमाल, एक मोठी सुटकेस आणि छातीशी धरलेली कागदांची पिशवी. मला बघून तिनं आधी माझं पत्र बाहेर काढून दाखवलं, मग हसली. दोन वर्षं हैदराबादला काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी तिला येत होतं.

नवे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पत्र वाचलं, पासपोर्ट पाहिला आणि मला तेलुगूत विचारलं, "अम्मा, ही परदेशी मुलगी आहे. हिनं पेशंटला हात लावायचा तर वरून ऑर्डर पाहिजे. ती कुठं आहे?"

"आधीचे साहेब हो म्हणाले होते."

"कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. तीही माझ्याकडेच बघत होती. तेलुगू तिला कळत नव्हतं, पण माझा चेहरा तिला कळला असावा. साहेब म्हणाले, फाइल तयार करा, हैदराबादला पाठवतो, मंजुरी येईपर्यंत वॉर्डात पाय ठेवायचा नाही. हॉस्टेलवालेही म्हणाले, ऑर्डर नाही तर खोली नाही. मी तिला घरी घेऊन आले आणि परदेशी पाहुणी ठेवली म्हणून पोलिसांत रीतसर कळवलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. मी, माझा नवरा आणि सासू. नवरा नेरडीगोंड्याच्या पुढं एका शाळेवर मास्तर आहे, शनिवारी येतो. सासूनं तिला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "जेवते का हे आपलं?"

"जेवते."

"मंग येऊ दे घरात. उनात काऊन उभी केली तिले?"

त्या दिवसापासून त्या दोघी आणि मी एका खोलीत झोपायला लागलो.

लॉगबुकाच्या तारखेपर्यंत तिच्याकडे दहा आठवडे होते. म्हणजे दोन आठवडे सुटीचे, असं ती पहिल्या दिवशी गमतीनं म्हणाली. रोज सकाळी पांढरा कोट घडी घालून पिशवीत घ्यायची, माझ्याबरोबर दवाखान्यात यायची आणि माझ्या टेबलापाशी स्टुलावर बसायची. कोट बाहेर काढायची वेळच येत नव्हती. आमच्या ऑफिसात निजामाच्या काळापासूनचे शब्द अजून चालतात. हाजिर, मुद्दत, दाखल, जवाब. हे सगळे तिच्या अरबी भाषेतले निघाले. ऐकू आला एखादा शब्द की ती मान वर करायची. "जवाब म्हणजे आमच्याकडे पत्र," तिनं सांगितलं. त्यामुळे कारकुनांनी एकमेकांना नुसतं "जवाब आया क्या?" म्हटलं तरी ती उठून उभी राहायची. पहिले काही दिवस आम्ही हसलो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या शेजारच्या बाईनं सगळ्यांना हळूच सांगितलं, तो शब्द तिच्यासमोर काढू नका.

मी रोज हैदराबादला फोन लावत होते. तिकडून एकच उत्तर, पेंडिंग आहे. त्याच दिवसांत इचोड्याच्या एका खासगी डॉक्टरची मला आठवण झाली. हायवेवर दवाखाना, ट्रकांचे अपघात रोजचेच. मी तिला घेऊन गेले. म्हातारा भला माणूस होता. म्हणाला, "मला माणूस हवाच आहे, राहू दे." तीन दिवस ती इचोड्याला गेली. तिसऱ्या दिवशी एका क्लीनरच्या पोटरीला तिनं त्यांच्या देखरेखीखाली सात टाके घातले, आणि घरी येऊन सासूच्या जुन्या लुगड्याच्या काठावर सुईनं ते टाके पुन्हा घालून दाखवले. सासू म्हणाली, "माह्यापेक्षा बरी शिवते हे."

चौथ्या दिवशी तिच्या कॉलेजचा मेल आला. खासगी दवाखान्याच्या सह्या चालणार नाहीत, शिकवणाराच दवाखाना पाहिजे.

तिनं मेल वाचला. लॉगबुकातलं इचोड्याचं पान तिनं पट्टी धरून आडवी रेघ मारून खोडलं. मला मात्र धीर धरवेना. सहा आठवडे राहिले होते, तिला आठ हवे होते, आणि हे गणित दर सकाळी एका दिवसानं आणखी चुकत होतं. मी रजा टाकली आणि हैदराबादची बस धरली.

वरच्या ऑफिसात दीड दिवस मी एका बाकावर बसून होते. शेवटी एका बाईला दया आली. तिनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आली आणि म्हणाली, "ही फाइल आमच्याकडे नाहीच. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्याकडे परत गेली आहे."

"काऊन?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

तिनं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. शेरा छोटाच होता. विद्यार्थिनीच्या कॉलेजचं पत्र अपूर्ण, दुसरं पान जोडलेलं नाही.

ते पत्र मी छापलं होतं. पहिल्या पानावर मजकूर, दुसऱ्यावर फक्त सही आणि शिक्का. फाइल मीच लावली होती, दोरी मीच बांधली होती. परतीच्या बसमध्ये सात तास मी ती सकाळ आठवत बसले. प्रिंटर, साहेबांची घंटा, दोरी. दुसरं पान हातात घेतल्याचं काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी फाइल सापडली. साहेबांच्या अँटी-रूममध्ये, बदलीच्या गडबडीत साठलेल्या टपालाच्या गठ्ठ्यात, न फोडलेल्या पाकिटात. ते पाकीट कोणी उघडायचं यावर ऑफिसात तासभर वाद झाला. मी त्यात पडले नाही. पाकीट परत आलंच नसतं, मी एक पान लावलं असतं तर.

घरी आले तेव्हा ती ओट्यावर सासूबरोबर तूर निवडत होती. तिला कसं सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. ऑफिसनं घोळ केला, असं. मी तसंच सुरू केलं. फाइल परत आली होती, एक पान कमी होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"कोणतं पान?" तिनं विचारलं.

"तुझ्या कॉलेजच्या पत्राचं. दुसरं."

"पण मी दोन्ही पाठवली होती."

"हो."

"दोन्ही पाठवली होती," ती पुन्हा म्हणाली. आणि मग ती रडली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. सूप बाजूला ठेवून, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून, आवाज न करता.

सासूला हिंदी फारसं कळत नाही. तिनं मला विचारलं, "काय सांगितलं तू तिले? काऊन रडून राह्यली ते?"

मी सासूला खरं सांगितलं. सासूनं तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग तिलेबी सांग ना, चुकी माही हाय म्हणून. कोणाची हाय माईत नसलं तं माणूस सोताचीच समजते."

मी सांगितलं. पान मी लावलं नाही, चूक माझी आहे. तिनं डोळे पुसले, मान हलवली, आणि तूर पुन्हा निवडायला घेतली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

दोन्ही पानं घेऊन फाइल पुन्हा गेली. या वेळी मी ती स्वतः नेऊन दिली, पोच घेतली, आणि रोज फोन केला. तरी पावणेतीन आठवडे लागले. मंजुरी आली ती निरीक्षक म्हणून. पाहायचं, हात लावायचा नाही. तारखेला अठरा दिवस उरले होते.

अठरा दिवसांनी काही होणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिनं कॉलेजला मुदतवाढ मागितली, त्यांनी कळवलं की परीक्षकच मोठ्या मुश्किलीनं एकत्र येत आहेत, तारीख हलणार नाही. तरी ती गेली. साहेबांनी तिला आमच्या इंद्रवेल्लीच्या केंद्रावर टाकलं. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. तिथली नर्स गरोदर गोंड बायकांना तपासताना हिला जवळ उभी करायची. एका दिवशी नर्सनं तिचा हात धरला आणि बाईच्या पोटावर ठेवला. "डोकं कुठं ते सांग," म्हणाली. हिनं चाचपून सांगितलं. बरोबर निघालं. ते ती मला जेवताना सांगत होती आणि ऐकताना मला वाटत होतं, हिला आठ आठवडे मिळाले असते तर.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट टाइप करायला मी बसले. तारखा घालताना माझे हात थांबले. मग मी ती आली त्या दिवसापासूनची तारीख घातली. आठ आठवडे पूर्ण. आयुष्यात मी खोटा कागद केला नव्हता. माझा बाप शेतमजुरी करून मला शिकवत होता तेव्हा एकच सांगायचा, कागदाशी खोटं वागू नको, आपल्याकडे कागदाशिवाय काही नाही. मला ते आठवलं, आणि मी तरीही घातली. वीस कागदांच्या गठ्ठ्यात तो कागद साहेबांपुढे गेला आणि सही होऊन आला.

मी तो तिला दिला. तिनं उभ्यानं वाचला, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचला. कागद तिनं पिशवीत घातला. बाहेर गेली. मला हायसं वाटलं, हे कबूल करते. अर्ध्या तासानं ती परत आली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. खाली डाव्या कोपऱ्यात तिनं बोट टेकवलं.

"ताई, ही छोटी सही तुझी आहे?"

टाइप करणाऱ्यानं तिथं आपल्या नावाची अक्षरं घालायची असतात. माझ्याच हातानं गेली होती.

"ते इथं लिहून विचारतील," ती म्हणाली. "माझ्या कॉलेजात प्रत्येक कागद पडताळतात. आता तर जास्तच. मग तुझ्या साहेबांना कोणी काही म्हणणार नाही, तुला काढतील."

"ते मी पाहीन. तू घेऊन जा."

"आणि परीक्षेत मला विचारलं, किती बाळंतपणं केलीस, तर?" तिचा आवाज चढला. तो तसा मी कधी ऐकला नव्हता. "एका बाईच्या पोटावर एकदा हात ठेवला, एवढंच सांगू? मला पाहिजे होता हा कागद. तुला कळतंय ना, मला फार पाहिजे होता."

ऑफिसातले सगळे आमच्याकडे बघत होते. तिनं कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मी दुसरा टाइप केला, अठरा दिवसांचा, निरीक्षक म्हणून. साहेबांनी तो वाचून सही केली. पहिला मी फाडला.

तारीख गेली. परीक्षा झाली, ती तिच्याशिवाय. भावाचं शिक्षण संपलं आणि इथं राहायची तिची मुदतही, तेव्हा ती कैरोला आईकडे गेली. जाताना आमच्या घरी येऊन गेली. सासूनं तिला कुरड्या बांधून दिल्या. मी तिच्याशी त्या दिवशी नीट बोलू शकले नाही.

मग काही महिने मेसेज नव्हता. मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पाठवलं नाही. तिचं चांगलं झालं असेल तर ती सांगेल, नसेल झालं तर मी कोणत्या तोंडानं विचारू? पुढे एका रविवारी तिचाच फोन आला, व्हिडिओवर. मागं एक गॅलरी, वाळत घातलेले कपडे, आत कोणी बाई मोठ्यानं बोलत होती. तिनं माझी तब्येत विचारली, ऑफिस विचारलं, इंद्रवेल्लीच्या नर्सला सलाम सांगितला. ती एका औषधाच्या दुकानात काम करत होती. मी पाऊसपाण्याचं बोलत राहिले.

सासूनं माझ्या हातातून फोन घेतला.

"परीक्षा झाली का व माय?"

एवढी मराठी तिला कळली. तिनं मान हलवली. "नाही झाली, आजी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी घेतील का, तेही अजून कळवलं नाही."