शील्ड दारात आली तेव्हा

गल्लीच्या तोंडाशी तमट्यावर, कानडी हलगीवर, पहिली थाप पडली आणि खाटेवर अण्णा धनुष्यासारखा उलटा वाकला. टेकलेलं काय ते डोकं आणि टाचा. दात घट्ट मिटलेले, शुद्ध मात्र पुरती. वैनी त्याचे खांदे धरून, ओरडायच्या ऐवजी पुटपुटली, “वन्सं, थांबवा त्यांना. मरतील हे.”

धनुर्वात होता. डॉक्टरांनी सुई देऊन खोली अंधारी करायला लावली होती. आवाज झाला की झटका येईल, एखाद्या झटक्यात श्वासच थांबेल, असं बजावलं होतं. टांग्याचे हादरे सोसणार नाहीत म्हणून इस्पितळात नेला नव्हता.

अण्णा माझा थोरला भाऊ. बसवनगुडीत आमचं घर, आणि तो गिरणीच्या फुटबॉल संघाचा कप्तान. त्या काळी पुष्कळजण अनवाणीच खेळत. बुटाचं नाव काढलं की म्हणायचा, “पायाला चेंडू कळायला नको? बूट घालून काय लग्नाला जायचंय?” कपाचं त्याला कौतुक नव्हतं. “चार सामने बरे गेले की कप कुणालाही मिळतो गं. शील्ड हंगामभर गुण जमवील त्याला.”

शेवटचा सामना उरला असताना तबेल्यापाशी त्याच्या पायात खिळा घुसला.

“डॉक्टरकडे जा,” मी म्हटलं.

“तो खेळू देणार नाही.”

हळद-चुना दाबून खेळला. जिंकले. सगळ्यांत जास्त गुण यांचेच. दोन दिवसांनी जबडा आखडला.

शील्ड कप्तानाच्या घरी वाजतगाजत आणायची रीत होती. संघाला आजार ठाऊक होता, पण तमटे ऐकून अण्णाला हुशारी येईल असं त्या शहाण्यांना वाटलं.

मी धावत जाऊन तमट्याची काठी हिसकावली. “आणखी वाजवायचं तर मयतालाच वाजवा!”

गोलकीपर मुनी म्हणाला, “अक्का, त्याला ऐकू जावं म्हणून...”

“गेलंय. बघायला ये.”

तो आला नाही. गल्लीच्या तोंडाशी मातीतच बसला. मग सगळा संघ बसला. आळीपाळीने, कितीतरी दिवस. टांगे अडवायचे, भाजीवालीला तोंडावर बोट ठेवून हात जोडायचे. शील्ड कशाला लागून वाजू नये म्हणून मी गोधडीत गुंडाळून ठेवली. झटके येतच राहिले. वैनीनं कुंकवाची आशा सोडली होती.

जबडा सुटला तेव्हा अण्णा म्हणाला, “शील्ड कुठाय?”

“गोधडीत.”

“राहू दे. स्वल्प पाणी दे.”

पुन्हा तो खेळला नाही. पण वाचला.