शिवलेलं गाणं

उल्हासनगरच्या त्या सिंधी टेलरचं नाव मी कधी विचारलं नाही. ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथहून ब्लाऊज शिवायला त्याच्याकडेच जायची, कारण त्याचं काम चोख असे. मशीनशेजारी रद्दीतली जाड इंग्रजी डिक्शनरी असायची. आवडलेला शब्द तो खडूने हाताशी असलेल्या कापडावर लिहून ठेवी.

"बहनजी, ऱ्हॅप्सडी! ग्रीकमधे मतलब, शिवलेलं गाणं. कवी पण आपला टेलरच निघाला!"

"आधी माझ्या बाह्या शिवा," मी म्हटलं. शेजारी हूक लावत बसलेली त्याची बायको खळखळून हसली.

पुढच्या खेपेला ती नव्हती. वारून पंधरा दिवस झाले होते. घरी येऊन ब्लाऊज उलटा केला, तर अस्तरावर खडूची अक्षरं: 'एलेजी. ग्रीक. मरनेवाले का गाना.' खाली एक ओळ लिहून पुसलेली.

दुसऱ्या दिवशी मी ते त्याला दाखवलं.

"भूल झाली, बहनजी. तिच्यासाठी एक गाणं करायचं होतं. शब्द भेटला, पुढे काही जमत नाही." मग म्हणाला, "खडू आहे. एका धुण्यात जाईल."

खरंच गेला. हूक मात्र वाकडे बसले होते. ते मी तसेच राहू दिले.