मागच्या चाकांची गाडी

नात परवा म्हणाली, "आजी, त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात." म्हणत असतील. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या पनवेलमध्ये त्याला काही नावच नव्हतं, कारण शहाणी माणसं ते करत नसत. गाडीचं तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे, आणि मागून मुरुमाची धूळ! आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांना मी तसं करताना पाहिलं होतं. करंजाड्याकडे एक सपाट केलेलं, अजून एकही घर न उठलेलं मैदान होतं, तिथे ते दुरुस्त केलेली गाडी पळवून बघत. मी बसस्टॉपवर पिशवी घेऊन उभी होते. दोन बस सोडल्या.

तेव्हा मी चाळिशीला टेकलेली, कचेरीत कारकून. लायसन काढून दोन वर्षं झालेली, पण स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आणि बाईसाहेबांना शिकायचं काय, तर गाडी आडवी घसरवणं. सरळ चालवणं नंतर बघू.

आमच्या घरी पहिली गाडी घ्यायचं ठरलंच होतं. जुनी, परवडेल अशी. यांनी खांदा कॉलनीतल्या एका बँकवाल्यांची छोटी गाडी पाहून ठेवली होती. स्वच्छ, सीटवर क्रोशाची कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती. बघायला गेलो तर मी सवयीने मागचं दार उघडून मागे बसले आणि तिथूनच म्हणाले, "छान आहे हो, पाय पुरतात." गाडी घ्यायला निघालेली ड्रायव्हर मागच्या सीटवर! बँकवाले हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

संध्याकाळी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "भाभी, वो गाडी अच्छी है, पण पुढच्या चाकांनी चालते. पुढची चाकं तिला ओढतात, मागची नुसती मागून येतात. तुम्हाला पाहिजे मागची चाकं ढकलणारी. ती ढकलणारी चाकंच घसरवायची असतात."

मला सगळं समजलं असं मी दाखवलं. घरी येऊन यांना सांगितलं, "ती गाडी नको. ती ओढते."

"अगं, गाडीने ओढायचं नाही तर काय करायचं?"

मग खरं कारण सांगावं लागलं. हे बराच वेळ पेपर उघडून बसले. शेवटी म्हणाले, "बँकवाले पुढच्या रविवारपर्यंत थांबतील. तुझी गाडी आण. रविवारी मैदानावर तुला जमलं तर ती ठेवू. नाही जमलं तर ती विकायची, छोटी घ्यायची, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." हे वाद घालत नसत, अटी घालत.

चाचांनी गाडी शोधली ती करंजा बंदरात. सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईंची. त्यांनी टेम्पो घेतला होता, म्हणून ही विकायला निघाली होती. आम्ही बंदरात पोहोचलो तेव्हा त्या बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली बसल्या होत्या. मी या वेळी आठवणीने पुढे बसले आणि तोंडाला पदर लावला.

"वास हाय बाय, मी खोटं नाय सांगनार," त्या म्हणाल्या. "आमी हिच्यात सुकट नेली, बोंबील नेलं, एकदा नवरी पन नेली. कुटं आडली नाय. तुला कशाला पायजे?"

"भाजी आणायला," मी म्हणाले.

"मंग पदर काढ की. भाजीला वास नाय लागत."

चाचा गाडीखाली शिरून आले आणि म्हणाले, "इंजिन गरीब आहे, पण चाकं मागची आहेत." घेतली.

आता आमच्याकडची रीत. नवी गाडी रिकामी दारात आणायची नाही. वाटेत यांच्या गावी थांबून तांदळाची दोन पोती डिकीत घातली, वर नारळ. गाडी लक्ष्मी, रिकामी कशी येणार? दारात ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पोती डिकीतच राहिली. दसऱ्याला पूजा होईपर्यंत काढायची नाहीत, असं मीच ठरवलं. कडुलिंबाच्या पाल्याने आणि उदबत्तीने आठवडाभर वास घालवला. गेला म्हणजे काय, उदबत्तीचा बोंबील झाला.

रविवारी सकाळी मैदान. हे एका दगडापाशी छत्री घेऊन उभे. चाचा शेजारच्या सीटवर. "दुसरा गिअर, स्टिअरिंग वळवा, आता ॲक्सिलरेटर दाबा!" मी दाबला. गाडी मोठ्या समजूतदारपणे गोल फिरली. पुन्हा दाबला. पुन्हा गोल, जणू देवळाची प्रदक्षिणा. दहा वेळा. मागची चाकं जमीन सोडायला तयार नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मासळीच्या वासाची गाडी मी निवडली होती, मीच हट्ट केला होता, आणि संध्याकाळी बँकवाल्यांच्या क्रोशावर जाऊन बसायचं होतं.

चाचा उतरले, मागे गेले, डिकी उघडली.

"भाभी," ते म्हणाले, "दुकान टाकलंय का?"

ही दोन पोती मागच्या चाकांवर बसलेली, आणि इंजिन गरीब. चाकं घसरणार कशी? पूजेआधी पोती काढावीत का यावर मी क्षणभर विचार केला, हे इथे लिहायला लाज वाटते. मग आम्ही तिघांनी ती खाली उतरवली आणि यांना त्यांवर बसवलं.

अकराव्या वेळी मागचा भाग सुटला. समोरचा डोंगर आडवा सरकला, मी किंचाळले, ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी बंद पडली. तोंड आल्या वाटेकडे. चाचा म्हणाले, "किंचाळणं नंतर. आधी स्टिअरिंग उलटं फिरवायचं." पण घसरली होती.

हे धूळ झटकत आले. परतताना बूथवर थांबून बँकवाल्यांना फोन लावला. "गाडी घेत नाही. नाही नाही, तुमच्या गाडीत काही खोट नाही," हे ऐकू आलं. "घरात जरा मतभेद झाले."

मतभेद खरेच झाले होते. पुढच्या रविवारी स्टिअरिंगवर पहिल्यांदा कोण बसणार, यावर आम्ही घरापर्यंत भांडत गेलो.