कमरेएवढं पाणी

"कमरेएवढ्या पाण्यात शुद्धीतला माणूस बुडतो का कधी?" शेजारच्या काकू कप विसळता विसळता दुसरीला म्हणत होत्या. "लावून गेला असणार. जाऊ दे, सुटला बिचारा." नाना जाऊन तिसरा दिवस होता. शेजारणींनी आमचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं आणि मी दुधाचं पातेलं घेऊन दाराआड उभी होते. मला पाहिल्यावर काकूंनी पदर सारखा केला. "दे इकडे ते दूध, नासायचं," म्हणाल्या. मी पातेलं दिलं आणि बाहेर आले. न बोलण्याची मला लहानपणापासून सवय आहे.

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. आम्ही मूळचे खानदेशातले, तापीकाठचे. नाना मागावर काम करायला सुरतेला आले, मग त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाले. सुरतेतच उधन्याला दोन खोल्या घेतल्या आणि बाहेरच्या खोलीत नानांची लोखंडी खाट पडली ती कायमचीच. नानांचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. का मोडलं, हे मला फार उशिरा समजलं. गावाला ते भर पावसाळ्यात तापी पोहून पार करायचे, असं बाबा सांगत. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट नानांचाच. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी... तिन्हींत मी सारखीच गप्प असायची. नाना म्हणायचे, "हाई पोर पोटमा ठेवस सारं."

मी पाच-सहा वर्षांची असताना नाना रोज सकाळी सायकलवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला जायचे. कशाला, असं विचारलं की आई म्हणायची, कामाला. मग त्यांची ताट-वाटी वेगळी का मांडते, हे मी विचारलं नाही. काही महिन्यांनी त्यांचा खोकला गेला, अंगावर थोडं मांस आलं, आणि सायकल बंद झाली. दोनदा पडले, मग ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. तेव्हापासून नाना भिंतीच्या कडेनं चालायला लागले. उजवा हात छातीएवढा उचलून त्याची मागची बाजू भिंतीला घासत खाटेपासून मोरीपर्यंत जायचे. रस्त्यावर पाय फाकून, जपून टाकायचे. ओळखीचं कुणी समोरून आलं तरी थांबल्याशिवाय त्यांना चेहरा ओळखू येत नसे. दुकानांच्या पाट्या चालताना नाचतात, असं ते मला एकदा म्हणाले होते. लोक म्हणत, पाहून न पाहिल्यासारखं करतो. दिवे गेले की मात्र ते होते तिथेच बसून राहत. आई हातातलं काम टाकून आधी त्यांच्याजवळ कंदील नेऊन ठेवायची.

घरात याला चक्कर म्हणत. चक्कर पित्ताची, म्हणून मोरावळा झाला. मग अशक्तपणाची, म्हणून अंडी आणि टॉनिक. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं नाना दिवसभर पेंगायचे आणि चालताना आणखी झोकांडायचे. शेवटी सुंठ. सुंठीचा तुकडा सतत त्यांच्या गालात असायचा.

त्या सुंठीनंच घात केला म्हणायचा. एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हवालदारानं त्यांना धरलं. गुजरातेत दारूबंदी, आणि हा माणूस झोकांडत चाललेला. हवालदारानं तोंड उघडायला लावून वास घेतला. "सूंठ खाधी छे, वास दबाववा," असं तो जमलेल्या लोकांना म्हणाला आणि लोक हसले. नानाही हसले. म्हणाले, "साहेब, दारू असती तर सुंठ कशाला खाल्ली असती, दारूच प्यालो असतो." इतक्यात बाबा कामावरून आले. मी ओट्यावर बसले होते, अंगावर शाळेचा गणवेश होता. हवालदारानं बाबांना विचारलं, "भाई, आ मांदो छे के पीधेलो?" हा आजारी आहे की प्यालेला. बाबा काही बोलणार तोच गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मांदगी शानी? पेली खांसीवाळी?" कसलं आजारपण, ते खोकल्याचंच का? बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "नाही साहेब," ते म्हणाले, "थोडी घेतात कधीकधी. पुन्हा नाही होणार."

हवालदारानं दम देऊन सोडून दिलं. घरात आल्यावर बाबा खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. नानाच त्यांना म्हणाले, "बेस कयं तू. दारूनं नाव पोरीले लागत नही. बिमारीनं लागस." बरं केलंस, दारूचं नाव पोरीला लागत नाही, आजाराचं लागतं, असं. मला तेव्हा यातलं काही समजलं नाही. पोरगी म्हणजे मी, एवढंच समजलं.

त्या दिवसापासून नाना गल्लीत पिणारे ठरले. गल्लीतून ते खात्यात पोचलं, खातं म्हणजे मागाची शेड. नाना मागाला पोट टेकवून उभे राहिले की तुटलेला धागा पूर्वीसारखाच जोडायचे, पण दोन मागांमधून पट्टे चुकवत चालायचं म्हटलं की शेठ ओरडायचा. शेवटी त्यांना बॉबिन भरायला बसवलं. ते काम बायकांचं. तिथल्या बायका त्यांना म्हणत, "काय नाना, आज किती?" नाना म्हणायचे, "आज उपास." असं हसून घेणं त्यांनी अंगवळणी पाडलं होतं. पण त्यानंतर त्यांनी काठी घेतली नाही. आईनं एकदा आणून ठेवली तर म्हणाले, काठी पाहिली की लोक विचारतील काय झालंय. पिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

मी मॅट्रिकला होते तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "कानले काय व्हयेल शे? ऐकू तं येस," नाना म्हणत होते. बाबांना सुट्टी नव्हती. डॉक्टर गुजराती आणि इंग्रजीच बोलत, म्हणून मी बरोबर गेले. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी पहिल्यांदा विचारलं. चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? उठताना डोळ्यापुढे अंधारी येते का? खोली गरगर फिरते, की नुसता तोल जातो? ही वेगवेगळी दुखणी आहेत, कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी, असं ते म्हणाले. नानांनी विचार केला. "फिरत काही नही. जमीन सापडत नही. आंधारामा तं मुळीच नही."

डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. टेकवलेला बांबू सोडून द्यावा तसे नाना कलले. आम्ही दोघांनी त्यांना धरलं. मग खुर्चीत बसवून कानात बर्फाचं पाणी सोडलं. आता सगळं फिरेल, उलटी होईल, घाबरू देऊ नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. काहीच झालं नाही. "गार लागनं फक्त," ते म्हणाले. दुसऱ्या कानालाही तसंच. मला बरं वाटलं, चक्कर आली नाही म्हणजे चांगलंच असेल. नानाही परीक्षेत पास झाल्यासारखे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी पिचकारी ट्रेमध्ये ठेवली आणि मला इंग्रजीत विचारलं, यांना कधी क्षयाची इंजेक्शनं दिली होती का?

मला माहीत नव्हतं. मी नानांना विचारलं. नानांनी पायांकडे बघत होकाराची मान हलवली.

कतारगामला कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून तिथल्या एका कंपाउंडरकडे ते महिनोन्‌महिने इंजेक्शन घेत होते. ठरत आलेलं लग्नही त्या खोकल्यापायीच मोडलं होतं. मध्येच तोल जायला लागला तेव्हा कंपाउंडर म्हणाला, अशक्तपणा आहे, दूध प्या. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. माणूस उभा राहतो तो डोळ्यांच्या, तळव्यांच्या आणि कानाच्या आतल्या एका भागाच्या जोरावर. नानांचा हा कानातला भाग त्या इंजेक्शनांनी मेलेला होता, दोन्हीकडचा, म्हणूनच बर्फाच्या पाण्यानं काही फिरलं नव्हतं. त्याच इंजेक्शनांनी त्यांचा जीव वाचला होता हेही खरं. चक्कर सुरू झाल्याबरोबर कुणी जाणत्यानं पाहिलं असतं तर औषध बदलता आलं असतं. मी विचारलं, आता? ते म्हणाले, आता औषध नाही, गोळ्या बंद करा. काठी, उजेड आणि तोल सांभाळायचे थोडे व्यायाम, एवढंच. आणि यांना नदीत उतरू देऊ नका. पाण्याखाली डोळे मिटले आणि पाय सुटले की वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना समजणार नाही.

बसच्या थांब्यावर मी हे सगळं नानांना सांगितलं. इंग्रजीत ऐकलेलं अहिराणीत सांगताना ते फार छोटं झालं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "घर सांगू नको, तुले कळनं म्हणीसन. तुनं लगन होऊ दे. मंग सांग सारास्ले." म्हणजे मला कळलंय हे घरी सांगायचं नाही, माझं लग्न झालं की मग सगळ्यांना सांगायचं. आणि थोड्या वेळानं, "तापी मले बुडावस का वं माय?" असं म्हणून हसले.

घरी मी सांगितलं की डॉक्टर म्हणाले नदीत उतरू नका. का, ते सांगितलं नाही. आई म्हणाली, बरोबर आहे, सर्दी होईल.

व्यायाम आम्ही केले. भिंतीवरच्या खिळ्यावर नजर ठेवून नाना उभे राहायचे, मान डावीकडे-उजवीकडे करायचे, फरशीच्या सांध्यावरून एकापुढे एक पाऊल टाकायचे. मी शेजारी हात पसरून. बाहेरच्या बायकांना आम्ही खेळतोय असं वाटायचं. काही महिन्यांनी नानांनीच ते सोडून दिलं. फरक पडला नव्हता, आणि पडेल असं मलाही वाटत नव्हतं.

यंदाच्या श्रावणात गल्लीतले एक वृद्ध शेजारी वारले. त्यांना तापीकाठी नेलं, नाना आणि बाबाही गेले. अग्नी दिल्यावर सगळे अंघोळीला पाण्यात उतरले. नाना पायरीवर बसून राहिले. पुढचं मला बाबांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. कुणीतरी म्हणालं, "नाना, हे पाणी चालत नाही वाटतं तुम्हाला?" दोघे-तिघे हसले. बाबा म्हणाले, त्यांना बरं नाही. लगेच कुणीतरी विचारलं, काय होतंय? तेव्हा नाना उठले, म्हणाले, "काही नाही, येतो." दिवस मावळत होता, पाणी गढूळ होतं, कमरेएवढं. नानांनी नाक धरलं आणि डुबकी मारली. बाबा धोतर पिळत होते. नाना पाण्याखाली हातपाय मारताहेत हे लोकांनी पाहिलं, पण प्यालेले आहेत, मजा करताहेत असं समजून कुणी पुढे झालं नाही. प्रवाहाच्या जरा खाली, वळणावर सापडले.

माझं लग्न नवसारीच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, रेल्वेतच. तेराव्यानंतर त्याची आत्या आणि वडील भेटायला आले. मी त्या दिवशी जे बोलले त्यानं कुणाचंही भलं झालेलं नाही. नवसारीहून पुन्हा निरोप आला नाही, आणि येईल अशी आशा घरात कुणालाच नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. बाबा तेवढंही नाही. शेजारच्या काकू आता म्हणतात, "प्यायचा तर होताच, वर टीबीही होता." म्हणजे दोन्ही चिकटलं. नानांनी इतकी वर्षं जे झाकलं ते उघडं पडलं, आणि ज्याच्यासाठी झाकलं ते हातातून गेलं. आता हे इथं लिहायला अडचण काही उरलेली नाही.

खाट आईनं उभी करून ठेवली आहे. भिंतीवर मात्र खाटेपासून मोरीपर्यंत एक काळसर, गुळगुळीत पट्टा आहे, नानांच्या हाताच्या उंचीवर. दर दिवाळीला आम्ही त्यावर चुना द्यायचो आणि होळीपर्यंत तो परत उमटायचा. यंदा दिवाळी केली नाही, म्हणून कुणी हात लावला नाही. मोरीकडे जाताना मीही हल्ली भिंतीला हात लावून जाते. पट्टा माझ्या खांद्याशी येतो.

त्या दिवशी आत्याबाई आईची समजूत घालत होत्या. बाई चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. "तुम्ही काही वाटून घेऊ नका हो. आमच्याकडे असल्या गोष्टी मनावर घेत नाहीत. असतो एखाद्या घरात पिणारा. दुखणंबिखणं असतं तर गोष्ट वेगळी." आई हो म्हणाली. बाबांनी मान खाली घातली, त्या संध्याकाळी हवालदारासमोर घातली होती तशीच. मी कपबशा गोळा करत होते. आत्याबाई जायला उठल्या आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. "ओल धरलीय वाटतं भिंतीला," त्या म्हणाल्या.

"पावसाची," आई म्हणाली.

मी कपबशा खाली ठेवल्या.

"ओल नाही ती," मी म्हणाले. "नानांचा हात आहे. नाना कधीच पीत नव्हते. त्यांना टीबी झाला होता. याच घरात."