शास्त्राबाहेरचा माणूस

"मग फुडं?"

चष्मा कपाळावर सरकवून आबा असं विचारायचे, आणि आमच्या बैठकीतले सगळे शास्त्रज्ञ एकदम चहाच्या कपात बघायला लागायचे. गोष्ट ऐकणारं लहान मूल विचारतं तसाच प्रश्न. फरक एवढाच, की आमच्या गोष्टीत शेवटी ससा मरायचा आणि ते सांगायला कुणी तयार नसायचं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधं तपासायची प्रयोगशाळा. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी एका समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत एक माणूस शास्त्राबाहेरचा असावा लागतो. साहेबांनी पोलादपूरच्या वरच्या, आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतले आबा शोधून काढले. माजी सरपंच, भात-नाचणीची शेती, गोठ्यात गुरं, भरघोस मिशी. माणूस येईल, वडे खाईल, सही करेल, अशी अटकळ होती. वडे ते खायचेच. बशीत शेवटचा उरला की "ह्यो कोनाचा?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

अर्ज इंग्रजीत असत. ते आबांना मराठीत समजावून देणं माझ्याकडे होतं. तुम्ही कधी असलं काम केलंय? इंग्रजीत सगळं कसं छान चाललेलं असतं. प्राणी वापरले जातात, अभ्यास पूर्ण होतो, यकृताचे नमुने मिळवले जातात. मराठीत सांगायला तोंड उघडलं की माझी त्रेधा उडायची.

"म्हंजे मारनार," आबा म्हणायचे.

"तसं नाही आबा, नमुना घेणार."

"मग जिता ठेवून काळीज काडनार?"

मी अर्जाचं पान उलटायचो.

"इंग्रजीत कोन मरतच नाय काय रे?"

एवढं ऐकून ते प्राणिमित्र वगैरे होते असं समजू नका. आमच्या शुद्ध शाकाहारी साहेबांनी एकदा त्यांना टोमणा मारला, "आबा, तुम्ही तर मटण खाता."

"खातो ना. कापतो बी मीच. पन कापला असंच बोलतो."

त्यांच्या वाडीच्या जत्रेला मी एकदा गेलो होतो. देवीपुढे बकरा उभा केला, आबांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. बकऱ्यानं अंग झाडलं. "दिला, दिला!" सगळे ओरडले. देवीनं कौल दिला, बकरा राजी आहे. मला माझं शिक्षण आठवलं. म्हटलं, "आबा, गार पाणी ओतल्यावर कुणीही अंग झाडेल."

"म्हाईत हाय रे. सगळ्यांना म्हाईत हाय. पन पानी ओतल्याबिगर सुरी लावायची छाती नाय कुनाची."

पुढच्या बैठकीत सहीला पेन उघडलं आणि ते थांबले. मला हळूच म्हणाले, "तुमच्या हितलं पानी म्हंजे मी काय रे?"

त्यानंतर एक मलम आलं. खाज येते की नाही हे बघायला बारा ससे लावायचे आणि शेवटी मारायचे. मागच्या वर्षी हेच मलम, असेच ससे, सगळं झालेलं. आता फक्त रंग बदलला होता आणि परदेशी गिऱ्हाइकाला नवा अहवाल पाहिजे होता. आबा सही करेनात.

साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुमचा मुलगा आपल्याच कंपनीच्या गाडीवर आहे ना?"

"हाय. गाडी ब्येस चालवतो."

मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी अर्ज ओढला आणि सहीच्या वर मोठ्या बाळबोध अक्षरात लिहिलं: रंगासाठी बारा ससे मारायला माझी संमती आहे.

साहेबांचा चेहरा उतरला. असला कागद बाहेर दाखवणार कसा? "आबा, असं नको. जरा वेगळं लिहा."

"सांगा. तुमी बोला, मी लिवतो."

आम्ही तीन पदव्युत्तर माणसं विचार करत बसलो. एकालाही वाक्य सुचलं नाही. शेवटी अर्ज मागे घेतला, गिऱ्हाइकाला जुना अहवाल पाठवला, आणि त्यानं तो मुकाट्यानं घेतला. म्हणजे ससे लागणारच नव्हते.

त्या वर्षी आबांची मुदत वाढली नाही. मुलाच्या कंत्राटाचीही नाही. तो आता हिरकणीवाडीला गडाच्या रोपवेला येणाऱ्या पर्यटकांची रिक्षा चालवतो. आबांच्या खुर्चीवर एक निवृत्त अधिकारी आले. चहा यायच्या आत त्यांची सही झालेली असते. मला समजावून सांगायचं काही कामच उरलेलं नाही, आणि ते मला फार लागतं.

आबांना छातीचं दुखणं लागलं तेव्हा भेटायला गेलो. ओटीवर बसले होते. सुनेनं गोळी आणि पाणी आणून दिलं. त्यांनी गोळी कपाळाला लावली, डोळे मिटले, मग तोंडात टाकली.

"देवाचं नाव घेता का?" मी विचारलं.

"द्येवाचं कशाला? द्येवावर तपासली काय ही?"

नंतर मी त्या वाडीत गेलो तो त्यांच्या तेराव्यालाच. पंगत उठली, हात धुतले, खिशातून माझी रक्तदाबाची गोळी काढली. ती कपाळाला लावली आणि मगच तोंडात टाकली.