अर्थिंगचा बोल्ट आणि शिंदेकाका

आधीच सांगतो, इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. आमच्या वर्कशॉपच्या दारावरचं लिंबू-मिरची बघूनसुद्धा माझी चिडचिड होते. पण हे माझ्याच टेबलावर घडलं... आणि लिहिताना भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

चाकण एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कॅबिनेटचं. मी फिटर. तीन वर्षांपूर्वी एका कॅबिनेटच्या दाराला अर्थिंगचा बोल्ट लावताना पत्र्यातले आटे गेले. बोल्ट नुसता गरगर फिरायला लागला. अशा वेळी भोक मोठं करून त्यात गनने रिव्हेट नट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवायची असते. पण डिस्पॅचची घाई! मी भोकात तांब्याच्या दोन तारा कोंबल्या, बोल्ट दाबून बसवला आणि टाइट केल्याची मार्करची रेघ ओढून मोकळा झालो. तपासणीच्या कार्डावर सही आमचे सीनियर शिंदेकाका करायचे. माझी रेघ दिसली की ते परत पाना लावायचे नाहीत, इतका विश्वास.

कस्टमरच्या इन्स्पेक्टरने तो बोल्ट नुसत्या बोटांनी काढून दाखवला. आमचे साहेब सगळ्यांसमोर काकांवर ओरडले, "करंट बसून माणूस गेला असता! सही कसली करता?" काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हातमोजे काढत बसलो. दुसऱ्या दिवसापासून काकांना घरी बसवलं. वर्षभरात ते वारले.

गेल्या महिन्यात, भरदुपारी, पुन्हा तसाच एक बोल्ट फिरला. आणि काय सांगू, मी पुन्हा तारच सोलायला घेतली. तेवढ्यात चहा आला. दहा मिनिटांनी परत येऊन बघतो तर बोल्ट घट्ट. त्यावर हिरवी रेघ – आणि रेघेच्या टोकाला ठिपका. असा ठिपका फक्त काका द्यायचे. बोल्ट खोलला, आत नवाकोरा रिव्हेट नट. नट बसवायची गन स्टोअरमध्ये कुलपात, किल्ली माझ्या खिशात. आणि शॉपमधले आम्ही सगळे बाहेर चहाला एकत्र उभे होतो.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तीन वर्षांपूर्वीचं सगळं सांगून टाकलं आणि संध्याकाळी थेट थेरगावला काकांच्या घरी गेलो. काकूंसमोर बसून तेच पुन्हा सांगितलं. रडलोही.

काकू म्हणाल्या, "मला ठाव हाय. त्या दिशी घरी आले तवाच म्हनले, 'घाबारलाय त्यो, दोन दिसांत सांगंल.' मग रोज सांजच्याला इचारायचे, त्याचा फोन आल्ता का म्हनून."

तो नट कुणी बसवला, मला अजून कळलेलं नाही. खरं सांगायचं तर आता तो विचारही फारसा येत नाही. काकांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्या वर्षभरात मी तो एकदाही लावला नाही.